टर्बो गाडीत साधं पेट्रोल की प्रीमियम? या चुका टाळा

टर्बो गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतंच, हिला महागडंच पाज, साधं टाकलंस तर इंजिन गेलं समज. दुसरा लगेच म्हणतो, अरे सगळा धंदा आहे, पेट्रोल ते पेट्रोल. दोघांचंही अर्धंच खरं, आणि उरलेल्या अर्ध्यात लोक फसतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ऑक्टेनला, म्हणजे पेट्रोलवर लिहिलेल्या ९१, ९५ अशा आकड्याला, ताकद समजणं. (इथे प्रीमियम म्हणजे जास्त ऑक्टेनवालं.) ९५ वालं पेट्रोल ९१ पेक्षा जोरदार असं काही नसतं हो. दाब आणि उष्णता वाढल्यावर पेट्रोल आपोआप न भडकता किती दम धरतं, त्याचा तो आकडा. टर्बो काय करतो, हवा दाबून आत ढकलतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर ती थोडी थंड करतो, पण मग पिस्टन तिला आणखी दाबतो, आणि स्पार्क पडून आग पसरत असतानाच कोपऱ्यात उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण स्वतःहून पेट घेऊ शकतं. हेच ते नॉकिंग. कानाला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं येतं, एकदा ऐकलं की विसरत नाही. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हे टाळतं, म्हणून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) स्पार्क लवकर द्यायला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, पूर्ण ठेवायला मोकळीक मिळते. वाढीव पॉवर जी येते ती इथून, पेट्रोलमधून नाही.

आता मी स्वतः घातलेला घोळ सांगतो. मॅन्युअल वाचायचा कंटाळा, म्हणून एका परदेशी व्हिडिओत आपल्याच मॉडेलला "किमान ९१" ऐकलं, पंपावर ९१ दिसलं, झालं, टाकी फुल. पुढे एका लांब चढावर पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला तर खडखड सुरू. घरी येऊन टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर बघितला तर त्यावर ९५ रॉन! अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहितात तो रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन टेस्टची सरासरी (एकेआय) असते, बाकी बऱ्याच देशांत नुसता रॉन लिहितात आणि तो चार-पाचने जास्त दिसतो. म्हणजे तिकडचं ८७ हे साधारण ९१-९२ रॉन, आणि तिकडचं ९१ म्हणजे ९५-९६ रॉन. व्हिडिओवाला बरोबर होता, मी चुकलो. आकडा बघताना सोबत रॉन लिहिलंय की एकेआय, ते आधी बघा.

स्टिकरवर आणखी एक शब्द असतो जो लोक सोडून देतात. "रिक्वायर्ड" लिहिलं असेल तर विषय संपला, तेच टाकायचं. "रेकमेंडेड" असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला किमान आकडा बघा, तेवढं किंवा त्याच्या वरचं साधं पेट्रोल चालतं, फक्त पिकअप आणि थोडं मायलेज कमी पडू शकतं. आणि गाडी साध्यावरच ट्यून केलेली असेल तर प्रीमियम टाकून बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. टर्बो म्हणजे प्रीमियमच, हा नियम कुठेच लिहिलेला नाही.

"नॉक सेन्सर आहे ना, मग काय टेन्शन" ही त्याच्या उलटी चूक. ब्लॉकवर बसवलेला तो सेन्सर थरथर ओळखतो आणि ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, बूस्ट कमी करतो, खरंय. पण नॉक झाल्यावरच त्याला कळणार ना! रोजच्या निवांत चालवण्यात तो सांभाळून घेतो, पण कडक ऊन, गाडी भरलेली, मागे ट्रेलर, समोर चढ आणि टाकीत किमानपेक्षा कमी ऑक्टेन, एवढं सगळं त्याच्यावर टाकू नका.

एक गोष्ट मात्र प्रीमियमनेही पूर्ण सुटत नाही. कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायची सवय. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) छोट्या टर्बो इंजिनात यामुळे स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, त्याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात, आणि हे साध्या नॉकपेक्षा वाईट, पिस्टन फुटू शकतो. यात इंजिन ऑइलच्या थेंबांचाही हात असतो, म्हणूनच २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या ग्रेडमध्ये याची वेगळी टेस्ट आहे. कंपनीने सांगितलेलं ऑइल टाका आणि चढावर गिअर खाली घ्या, यात कंजूसी कशाला.

एका टाकीवर निकाल लावणारेही खूप. आधीचं अर्धी टाकी ९१ असेल आणि वरून ९५ भरलं तर आत साधारण ९३ झालं, आणि ईसीयूलाही नवीन पेट्रोल ओळखायला थोडं अंतर लागतं. दोन-तीन टाक्या सलग एकच भरा, मग बोला.

झटके बसले की पेट्रोललाच शिव्या देणं हा तर छंदच आहे. स्पार्क प्लगचा गॅप वाढलेला असेल किंवा स्पार्कला करंट देणारी कॉइल मरायला आली असेल तर बूस्टखाली मिसफायर होणारच, म्हणजे मिश्रण नीट पेटणारच नाही, ऑक्टेनचा काय संबंध? आधी स्कॅनर लावून ईसीयूतले एरर कोड बघा, पी०३०० पासूनचे मिसफायरचे कोड दिसले तर प्लग-कॉइल तपासा, बूस्टचा पाइप सैल झालाय का तेही बघा. ऑक्टेन बूस्टरच्या (पेट्रोलमध्ये ओतायच्या औषधाच्या) बाटलीवरचे "पॉइंट" पण नीट वाचा, बऱ्याचदा दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. प्रीमियमने इंजिन साफ होतं म्हणतात, पण सफाई त्यात मिसळलेले ॲडिटिव्ह करतात, ऑक्टेन नाही, आणि नुसत्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला (हवा आत घेणाऱ्या झडपेला) लागतच नाही, तिथला कार्बन कुठल्याच पेट्रोलने जात नाही.

चुकून कमी ऑक्टेन भरलंच तर टाकी उपसायला धावू नका. हलक्या पायाने चालवा, पाव टाकी रिकामी झाली की वरून प्रीमियम भरा. डिझेल भरलं असेल तर मात्र गाडी स्टार्टच करू नका, ढकलून बाजूला घ्या.