साइन-कॉसचे ग्राफ पाठ करू नका, वर्तुळातून काढा

दहावीत त्रिकोणमिती म्हणजे काटकोन त्रिकोण, संमुख बाजू भागिले कर्ण, आणि ०, ३०, ४५, ६०, ९० चं ते टेबल. तिथपर्यंत गाडी बरी चालते. मग पुढे एकदम साइन १२० येतं आणि पोरं अडकतात, कारण काटकोन त्रिकोणात १२० अंशाचा कोन बसवायचा कुठे, बसतच नाही. म्हणून त्रिकोण जरा बाजूला ठेवा आणि कंपासपेटी, ग्राफ पेपर, थोडा दोरा घेऊन बसा.

आधी वर्तुळ काढा. पेपर आडवा धरायचा, डावीकडे ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, केंद्रातून एक आडवी आणि एक उभी रेघ. ही ५ सेंमी म्हणजे आपला १, आणि परिघावरच्या टिंबाची आडव्या रेघेपासूनची उंची म्हणजे त्या कोनाचा साइन. उजव्या टोकापासून घड्याळाच्या उलट दिशेने कोनमापकाने दर ३० अंशाला परिघावर टिंब द्या, १२ टिंबं होतील. उलट दिशेने गेलं की कोन प्लस, घड्याळाच्या दिशेने गेलं की मायनस. ३६० च्या पुढे पण जाता येतं बरं का, ३९० म्हणजे एक चक्कर पूर्ण मारून परत ३० वाल्या टिंबावर.

आता दोरा. त्रिज्येएवढा, म्हणजे ५ सेंमीचा तुकडा कापा आणि उजव्या टोकापासून परिघावर चिकटवत न्या, तो जिथे संपेल तिथपर्यंतचा कोन म्हणजे १ रेडियन, मोजून बघा, ५७ अंशाच्या जरा पुढे येईल. असे तीन तुकडे लावले तरी अर्धं वर्तुळ पुरं होत नाही, साधारण ७ मिलीमीटर उरतात, कारण अर्ध्या वर्तुळात पाय (π) रेडियन, म्हणजे ३.१४ आणि काहीतरी. १८० अंश बरोबर पाय रेडियन, एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी सगळं त्रैराशिक.

रेडियनचा उपद्व्याप कशाला, अंश काय वाईट होते, असं वाटतंच. इथे आर्यभटाचं कोष्टक बघण्यासारखं आहे. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात दर २२५ मिनिटांनी, म्हणजे पावणेचार अंशांनी, साइन किती वाढतो याचे २४ फरक दिलेत आणि त्यांची बेरीज ३४३८ येते, तीच त्रिज्या. आकडा विचित्र दिसतो, पण १ रेडियन म्हणजे ५७ अंश १८ मिनिटं, त्याची नुसती मिनिटं करा, ३४३८ च येतात! म्हणजे त्रिज्या आणि कोन एकाच मापात आणले. त्यामुळे पहिला फरकही २२५ च निघतो, कोन २२५ आणि साइन पण २२५, कारण कोन लहान असला की परिघाचा तुकडा आणि उंची जवळजवळ सारखेच असतात. कॅल्क्युलेटरवर ०.१ रेडियनचा साइन काढा, ०.०९९८ येईल. अंशात ही मजा मिळत नाही, म्हणून पुढे कॅल्क्युलसमध्ये सगळीकडे रेडियनच.

आता ग्राफ. वर्तुळाची आडवी रेघ उजवीकडे लांबवा, तिच्यावर दर ३० अंशाला १ सेंमी घ्या, आणि प्रत्येक टिंबाची आडव्या रेघेपासूनची उंची उचलून त्या त्या कोनावर मांडा. ३० ला २.५ सेंमी, ६० ला ४.३३, ९० ला पूर्ण ५, १२० ला परत ४.३३ (बघा, आलं साइन १२०, त्रिकोण लागलाच नाही), १८० ला शून्य आणि मग खाली. टिंबं हाताने जोडा, पट्टी लावू नका, पट्टीने करवतीचे दात होतात. हाच साइनचा ग्राफ.

कॉससाठी उंचीऐवजी उभ्या रेघेपासूनचं अंतर घ्यायचं, लाट तीच, फक्त ९० अंश आधी सुरू झालेली. टॅनसाठी वर्तुळाच्या उजव्या टोकाला उभी स्पर्शिका काढा आणि त्रिज्या लांबवून तिला कुठे भेटते ते बघा. ८९ अंशाला ही उंची ५७.२९ पट होते, पानाच्या कधीच बाहेर, आणि ९० ला दोघी समांतर, भेटतच नाहीत, म्हणून तिथे टॅन नाही. टॅनचा ग्राफ दर १८० अंशांनी रिपीट होतो, ३६० नाही.

परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क जातात ते ३ साइन(२एक्स + ६०) असल्या गोष्टीत. ३ मुळे लाट वर ३ आणि खाली ३ पर्यंत, २ मुळे पिरियड, म्हणजे एका पूर्ण लाटेची लांबी, निम्मा, १८० अंश, हे जमतं सगळ्यांना. पण ग्राफ डावीकडे किती सरकला विचारलं की पटकन ६० सांगतात. कंसाला शून्य करा ना, २एक्स + ६० शून्य, म्हणजे एक्स मायनस ३०, म्हणजे लाट ३० नेच सरकली. ही सवय लावा, सूत्र लागत नाही.

खरं उदाहरण हवं असेल तर घरातली वीज. २३० व्होल्ट म्हणतो ते आरएमएस मूल्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी, लाटेचं टोक त्याच्या रूट २ पट, साधारण ३२५. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० लाटा, एक लाट ०.०२ सेकंदाची, एका लाटेला २ पाय रेडियन, ५० लाटांना १०० पाय, म्हणून टी सेकंदांनी व्होल्टेज ३२५ साइन(१०० पाय टी). टी ला ०.००५ टाका, पाव लाट झालेली असते, तेव्हा ३२५ यायला पाहिजे. ८.९१ आलं तर कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे, आधी तो बदला.