गिअर पडत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी या चुका टाळा

जुनी मारुती 800 सकाळी रिव्हर्स टाकताना कर्रकर्र करते, पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही, आणि शेजारचे जाणकार बॉनेटही न उघडता सांगून मोकळे होतात, "गिअरबॉक्स गेला." बहुतेक वेळा बिचाऱ्या गिअरबॉक्सचा काही गुन्हा नसतो.

खर्चाला हात घालण्याआधी पाच मिनिटं द्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. (एखादा अडला तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा टाका, दातावर दात आला की असं होतं.) बंद गाडीत सगळे सहज पडतात आणि इंजिन चालू झालं की अडतात, याचा अर्थ पॅडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. बंद गाडीतही तेवढेच जड पडत असतील तर क्लच सोडून गिअरच्या दांड्याकडे वळा. 800 मध्ये दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड जातो, त्याचे बुश झिजले की दांडा खुळखुळतो आणि पहिला कुठे, तिसरा कुठे हे शोधत बसावं लागतं. बुश स्वस्तात बदलून होतात. कर्रकर्र एकाच गिअरला, समजा फक्त दुसऱ्याला, येत असेल तर मात्र त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी कडी) झिजलेली असू शकते. तिथे गिअरबॉक्सवर संशय घ्यायला हरकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक केबलची, म्हणजे पॅडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या तारेची. "क्लच बिघडला? केबल आवळ" हे आपल्याकडे रामबाण औषध समजलं जातं. पण क्लचचे दोन रोग एकमेकांच्या अगदी उलट आहेत. क्लच सुटत नसेल तर बहुधा केबल ढिली झालेली असते, तिथे आवळणं बरोबर. क्लच स्लिप होत असेल, म्हणजे चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र रांगतेय, तर आवळणं म्हणजे आगीत तेल. क्लच प्लेट झिजत जाते तसे तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे फिंगर (पोलादी पट्ट्या) त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि पॅडलचा मोकळा खेळ आपोआप कमी होतो. म्हणून झिजलेल्या प्लेटच्या गाडीत केबल थोडी ढिली करावी लागते. खेळ अजिबात उरला नाही की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घासते आणि बेअरिंगही जातं.

हे मी कुंभार्ली घाटात शिकलो. पायथ्याला एका गॅरेजमध्ये स्लिपची तक्रार सांगितली, मिस्त्रींनी दोन आटे आवळून दिले. निम्मा घाट चढेपर्यंत जळका वास यायला लागला. गाडी थंड करून तेच दोन आटे परत सोडले, तेव्हा कुठे घर गाठलं.

खेळ बघायला पाय नको, हात वापरा. पॅडल बोटांनी दाबा, जोर लागायच्या आधी ते थोडं मोकळं जायलाच हवं. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. केबल ओढताना खरखर जाणवली किंवा टोकाला तारा सुटलेल्या दिसल्या तर ॲडजस्ट करत बसू नका, बदलून टाका. पावसाळ्यानंतर गंजलेली केबल नेमकी घाटातच तुटते!

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची गाडी असेल तर पॅडल तीन-चारदा भराभर दाबून गिअर टाका. तेवढ्यात पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलेंडरचं सील गेलंय.

आवाजाचीही गंमत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. पॅडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. अनेक जण हे नेमकं उलटं सांगतात.

गाडी उचलताना थरथरते म्हणून लगेच प्लेट बदलू नका. आधी इंजिनचं माउंटिंग बघा, फाटलेलं रबर हाच थरथराट करतं. कोकणात महिनाभर उभी राहिलेली गाडी अचानक एकही गिअर घेईना, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटलेली असू शकते. गिअर ऑइल टाकतानाही "जास्त ग्रेडचं" म्हणून जीएल-4 च्या जागी कुठलंही जीएल-5 ओतू नका, त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत.

शेवटी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच असते. आणि जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेट वर आले असतील तर ती खरंच संपली होती. तेलकट असेल तर गळणारं ऑइल सील बदलल्याशिवाय बॉक्स परत चढवू देऊ नका. आणि जाड, कोरडी, सारखी दिसली, तर दोष कदाचित केबलचाच होता.