बाळंतपणानंतर मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं : डॉक्टरांना काय सांगायचं, कसं सांगायचं

मी शिवणकाम करते. मुलगी झाली त्यानंतर बाराव्या दिवशी अंघोळ करताना डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला हात लागला आणि ती मांडी दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. चिमटा काढला तरी धड कळेना. गाउन घासला की मात्र आग व्हायची. ‘इतका वेळ कळा दिल्यास, शीर दबली असेल,’ असं घरचे म्हणाले, डॉक्टरही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. चूक पुढे झाली. चौथ्या आठवड्यात दोन्ही तळपायांना मुंग्या सुरू झाल्या, सातव्यात मान वाकवली की पाठीतून करंट जायला लागला, मग डोळे मिटले की तोल जाऊ लागला. आणि दरवेळी नवी तक्रार त्याच दबलेल्या शिरेच्या खात्यात टाकली गेली. खरं कारण कळलं तेव्हा मुलगी अकरा आठवड्यांची होती.

म्हणून हे लिहितेय. घरबसल्या आजार ओळखावा, यासाठी नाही. तक्रार अशी मांडता यावी, की ती ‘झोप नाही ना, होतं असं’ म्हणून बाजूला सारता येणार नाही, एवढ्यासाठी.

टिपत बसू नका, निघा

काही लक्षणांना वही-पेन काही नको. मिनिटभरात टोकाला जाणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. फिट. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना शब्द न सापडणं. डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अर्धी नजर गायब. बाळंतिणीला मेंदूतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. रक्तदाबही बाळंतपणानंतर, अगदी सहा आठवड्यांपर्यंत, पहिल्यांदाच चढू शकतो. नऊ महिने तो नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहता येत नाही. घरात मशीन असेल तर डोकं दुखायला लागल्यावर आधी ते लावा, डोकेदुखीची गोळी नंतर. 140/90 किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110 म्हणजे थेट इमर्जन्सी, आणि डोकं दुखतंय, दिसण्यात फरक आहे किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, तर आकडा तितका नसला तरी निघाच.

पाठीत सुई देऊन भूल दिली असेल आणि बसलं की डोकं फुटतंय, आडवं झालं की उतरतंय, तर सुईच्या छिद्रातून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. ‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा आणि भूलतज्ज्ञांना कळवा. नाहीच थांबलं तर तुमचंच थोडं रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवतात. मात्र हीच डोकेदुखी पुढे झोपल्यावरही राहायला लागली, तर पुन्हा दाखवा. ती आता वेगळी असू शकते.

दोन्ही पाय जड पडतायत, लघवी होत नाही किंवा झालेली कळत नाही, बसायची जागा बधिर आहे, पाठ दुखतेय आणि ताप आहे, यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका. आणि एक घरच्यांसाठी : बाळंतीण रात्रीच्या रात्री झोपत नाही, तरी दमलेली दिसत नाही, भलतंसलतं बोलते, भास होतायत, तर तिच्या होकाराची वाट बघू नका. तिला स्वतःला ते कळत नसतं.

खडूची रेघ

मांडी बधिर झाली तेव्हा हाताशी शिवणाचा खडू होता. कापसाचा बोळा चांगल्या कातडीवरून हळूहळू बधिर भागाकडे आणायचा, स्पर्श जिथे बदलेल तिथे टिंब. सगळीकडून टिंबं झाली की जोडायची. मोबाइलवर फोटो, खाली तारीख. तीन दिवसांनी पुन्हा. खडू नसेल तर बॉलपेन चालतं, पण पुसताना वैताग येतो.

मांडीवरचा आकार लांबट होता, गुडघ्याच्या वरच थांबलेला, आणि दर फोटोत आकसत गेला. पायात जोर पूर्ण होता. ती खरोखरच दबलेली शीर; ती फक्त स्पर्श वाहते, स्नायू हलवत नाही, आणि बहुतेक वेळा आपोआप सुधारते. तळपायांचे फोटो मात्र निराळे निघाले. दोन्हीकडे सारखेच, आधी घोट्यापर्यंत, दहा दिवसांनी अर्ध्या पोटरीपर्यंत. एक दबलेली शीर दोन पायांना एकसारखे मोजे घालत नाही. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण फोटो शेजारी ठेवल्यावर गोम आहे एवढं मलाही दिसलं होतं.

तुमचा नकाशा माझ्यासारखा असेल असं नाही. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि करंगळीशेजारच्या बोटाचा अर्धा भाग, तेही रात्री जास्त, हात झटकला की बरं : हे बहुधा मनगटात दबलेल्या शिरेचं, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून बघतात. चालताना पाऊल फट्‌कन आपटतं, चवडा उचलला जात नाही, किंवा जिना चढताना गुडघा दुमडतो, तर प्रसूतीत दबलेल्या मोठ्या शिरा असतील. त्याही बहुतेक भरून येतात, पण काही आठवडे ते महिने लागतात आणि फिजिओथेरपी लागते. पापणी संध्याकाळपर्यंत गळते, एकाचे दोन दिसतात, हेही टिपा, आणि वेळ लिहा. सकाळी बरं, रात्री वाईट, यातच बरंचसं कळतं.

‘वाटतं’ नको, ‘जमत नाही’ सांगा

पहिल्या खेपेला मी डॉक्टरांना म्हटलं, ‘पायांना मुंग्या येतात, थकल्यासारखं वाटतं.’ त्यांनी विचारलं, ‘बाळ रात्री किती वेळा उठतं?’ विषय तिथेच संपला. राग आला होता, पण आता वाटतं, त्या वाक्यावर मीही दुसरं काय विचारलं असतं?

दुसऱ्या वेळी मी चिठ्ठी नेली. त्यावर होतं : ‘शिलाई मशीनचं पायडल किती दाबलंय ते पायाला कळत नाही. मशीन एकदम पळतं. गेल्या आठवड्यात तीनदा शिवण वाकडी गेली, वीस वर्षांत असं झालं नाही.’ दुसरी ओळ : ‘तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागते.’ तिसरी : ‘पाजताना मान खाली केली की मानेपासून कंबरेपर्यंत करंट. मान वर केली की बंद.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, मला उभं राहायला सांगितलं, पाय जुळवून, डोळे मिटून. मी डोललेच.

तेव्हा चिठ्ठीत तीन-चारच ओळी लिहा, आणि प्रत्येकीत एक काम, जे आधी जमायचं आणि आता जमत नाही. सुरुवात कधी झाली, तो प्रसूतीनंतरचा कितवा दिवस. वाढतंय, तसंच आहे की येऊन-जाऊन. प्रसूतीत काय काय दिलं : पाठीतली भूल, गॅस, किती रक्त गेलं. सध्याच्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्यासुद्धा, कारण नाक मोकळं करणारी काही औषधं रक्तवाहिन्या आवळतात. आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सोडून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच : ‘मी इतक्या आठवड्यांची बाळंतीण आहे.’ बाळ घरी ठेवून गेलं की कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टर म्हणाले ‘ताण आहे’, तर भांडू नका. विचारा, ‘रिफ्लेक्स तपासले का? डोळे मिटून उभं करून बघाल का? ताण नसेल तर दुसरं काय असू शकतं?’ ताणानेही तोंडाभोवती, बोटांना मुंग्या येतात, हे खोटं नाही. शरीर धड असून मेंदूचे निरोप गडबडल्यामुळे पाय न चालणं हाही खरा आजार आहे, पण तो तपासणीतल्या ठरावीक खुणांवरून ओळखतात, बाकीचं काही सापडलं नाही म्हणून नव्हे.

तपासण्या

रक्तात साधारण हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड, साखर, कॅल्शियम बघतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइड आधी चढतं आणि मग पडतं, असं अनेकींचं होतं. हात थरथरणं, छातीत धडधड त्यातली. व्हिटॅमिनच्या गोळ्या मनाने सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. शिरांची करंट देऊन करायची तपासणी फार लवकर केली तर दोष दिसत नाही, साधारण तीन आठवडे जावे लागतात. एमआरआयमध्ये रंगद्रव्य टोचलं तरी दुधात उतरणारा भाग नगण्य असतो, दूध काढून फेकायची गरज सहसा नसते. हे मला आधी माहीत असतं तर एमआरआय आठवडाभर पुढे ढकलला नसता.

माझा बी-12 तळाला गेला होता. मी जन्मापासून शाकाहारी. गरोदरपणात तो आकडा एरवीही थोडा उतरतो, म्हणून तेव्हाचा कमी रिपोर्ट कुणी मनावर घेतला नव्हता. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक दिसत राहिलं. भरीला कळांच्या वेळी मास्कमधून घेतलेला गॅस, नायट्रस ऑक्साइड. तो शरीरातलं उरलंसुरलं बी-12 निकामी करतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भाग, जो पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवतो, त्याला झळ बसली होती. मानेतला करंट तिथलाच. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्येही (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या शिरांचं आवरण बिघडवते, तो आजार) असाच करंट येतो, आणि तो आजार बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जास्त उसळतो, म्हणून एमआरआय करून ती शंका आधी मिटवली.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिले काही दिवस मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटल्या, मग करंट महिन्याभरात गेला. पायडल पुन्हा पायाला कळायला पाच महिने लागले. उजव्या पायाची दोन बोटं अजून जाड वाटतात. अंगावर पाजणाऱ्या आईला बी-12 कमी असेल तर बाळालाही कमी पडू शकतं. मुलीचंही रक्त तपासलं आणि तिलाही औषध द्यावं लागलं. हे तुम्ही आपण होऊन विचारा, दरवेळी कुणी आठवण करत नाही.

तोल सावरेपर्यंत घरात मी चार गोष्टी पाळल्या. रात्री बाळाला उचलण्याआधी दिवा लावायचा, कारण अंधारात डोळे मदतीला नसतात. तिला घेऊन जिना नाही. अंघोळ घालताना शेजारी नवरा. आणि मशीनवर बसताना चप्पल काढून, अनवाणी.