जुनी वस्तू विकताना खोट्या चेकपासून सावध
खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नाही. अमेरिकेसारख्या देशांत बऱ्याचदा बँक पैसे आधी वापरायला देते. चेक खोटा निघायला कधी कधी काही आठवडे लागतात, आणि मग ती रक्कम तुमच्याच खात्यातून वळती होते. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक आला आणि ‘वरचे पैसे सामान न्यायला येणाऱ्याला पाठवा’ असा निरोप आला, की सौदा तिथेच मोडा. तुम्ही पाठवलेले पैसे तेवढे खरे असतात! बँकर्स चेकही (बँक स्वतः काढून देते तो चेक) ठग हुबेहूब छापतात, त्यामुळे नुसता कागद निरखून उपयोग नाही. चेकवरचा फोन नंबर ठगाचाच असू शकतो. बँकेचा नंबर स्वतः शोधून चौकशी करा. त्यापेक्षा गिऱ्हाइकासोबत त्याच्या बँकेत जा, चेक डोळ्यांदेखत काढून घ्या, मगच वस्तू द्या.