खाण्याचा छोटा धंदा ऑनलाइन लोकांशी कसा जोडायचा

आधी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, त्यात कॅटलॉग, म्हणजे पदार्थांची फोटो-भावासकट यादी, बनवा, फोटो दिवसाच्या उजेडात काढलेले बरे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात पण मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, म्हणून पहिल्या ऑर्डरलाच "नंबर सेव्ह करा हं" सांगून टाकायचं, बरेच जण इथेच गंडतात. गूगल मॅपवर उघडण्याची वेळ बरोबर टाका. आसपासच्या बाकी खाद्यवाल्यांशी वाकडं कशाला, एकमेकांना टॅग करा, आपल्याकडे नाही ते मागणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाठवा. आणि सपोर्ट करणाऱ्यांनो, नुसतं लाइक नको, काय खाल्लं ते लिहून फोटोसकट रिव्ह्यू टाका. रोजचं गुड मॉर्निंग मात्र नको, लोक सरळ म्यूट करतात.