सेकंडहँड सात सीटर एसयूव्ही बघायला जाताय? आधी ही तयारी करून घ्या

आदल्या दिवशीच मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी अजिबात चालू करू नका. जुन्या इंजिनाचे नखरे थंड असतानाच दिसतात आणि हे विकणाऱ्यालाही चांगलं माहीत असतं, म्हणून पोचल्या पोचल्या आधी बोनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर का ते विचारायचं आणि सरळ दुसरा दिवस मागून घ्यायचा. सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक, जुनं फडकं, साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आणि घरातलं एक माणूस घ्या, त्याचं काम पुढे सांगतो. आणि जायचं ते दिवसाउजेडी, ओल्या गाडीवर किंवा रात्रीच्या लाइटखाली डेंटिंग-पेंटिंग काही कळत नाही.

गाडी चालू करायच्या आधी डिपस्टिक काढून ऑइल बघा, मग ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ चिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय का ही शंका घ्यायची, थंड हवेत छोट्या छोट्या फेऱ्या मारलेल्या गाडीत थोडासा थर असा पण येतो, पण सोबत कूलंटची लेव्हल पण कमी असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा) खर्च डोक्यात धरा. मग एकाला स्टार्टर मारायला लावा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, डिझेलमध्ये काळा धूर येत राहिला तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट जातं, पांढरी वाफ सकाळी चालते पण इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि वास गोडसर असेल तर कूलंट जळतंय. डिझेल गाडी नुसती शाळा-बाजार अशीच फिरली असेल तर डीपीएफ (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडवणारा फिल्टर) चोंदलेला असायची शक्यता बरीच, कारण त्यातली काजळी जळायला गाडी सलग जरा वेगात पळावी लागते. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका, बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि मग इंजिन उघडण्याशिवाय पर्याय नसतो.

आता ते सोबतचं माणूस. टेस्ट ड्राइव्हला त्याला तिसऱ्या रांगेत बसवायचं. मागच्या एसीची हवा खरंच गार येते का, खड्ड्यात मागून खडखड येते का, सीट दुमडून परत नीट लॉक होते का, हे पुढे बसून कळणारच नाही. फॅमिली गाडी वर्षानुवर्षं फुल लोड सामान-माणसं घेऊन फिरलेली असते त्यामुळे मागचे शॉकअप आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) आधी जातात. लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्स हुक पण हात घालून तपासा. सनरूफ असेल तर छताच्या कडेचे डाग बघा, त्याच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. मॅट उचला, खालच्या कार्पेटला हात लावून बघा, प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टच्या टोकाला गाळाची रेघ, सीटच्या रेल्सना गंज आणि आत भारी सुगंध मारलेला, असं एकत्र दिसलं की गाडी पुरातली असू शकते, मी तरी तिथून किंमत न विचारता निघतो. पुराच्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही.

चालवताना रेडिओ बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक आली तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा अॅक्सलचा सांधा) गेलाय. वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम वाढतोय पण वेग नाही म्हणजे क्लच घसरतोय. ऑटोमॅटिकमध्ये डी-आर करताना धक्का बसत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दुसरी गाडी बघा. फोर बाय फोर असेल तर ते लावून दाखवायला सांगा, पण मातीच्या जागेवर, कोरड्या डांबरावर पार्टटाइम सिस्टिमला (जी गरजेपुरतीच लावायची असते) ताण येतो. चारही टायर सारखे झिजलेले आहेत ना तेही बघा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 2319 असेल तर 2019 चा 23 वा आठवडा, आणि गाडी कमी चाललीय म्हणणाऱ्याचं मीटर, पेडलचे रबर आणि स्टिअरिंगचं लेदर एकमेकांशी जुळतंय का हेही तिथेच कळतं.

ओरखडे मी सोडून देतो, ते भावात कापून घ्यायचे. दरवाजांतल्या फटी मात्र दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात, बोनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा बघा, आणि लोखंडी पत्र्यावर एका जागी चुंबक धरत नसेल तर आत पुटी आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवला असू शकतो. स्कॅनर लावल्यावर एरर एकही नाही पण रेडिनेस टेस्ट (गाडी स्वतःच चालता चालता करते त्या तपासण्या) बऱ्याच अपूर्ण दिसतायत, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती, मग आठवडाभराने परत स्कॅन करू म्हणा. चॅसिस आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः जुळवा, फोटोवर नको.

एवढं सगळं पास झालं तरच आपला मेकॅनिक बोलवा आणि गाडी लिफ्टवर चढवा, चॅसिसवर ताजा काळा रंग मारलेला दिसला तर त्याच्याखाली गंज किंवा वेल्डिंग आहे का ते त्याला खरवडून बघायला सांगा. मालक नको म्हणाला तर टोकन देऊ नका.