बुसानच्या आतषबाजीनंतर परतीची मेट्रो

दक्षिण कोरियातील बुसान शहरात ग्वांगआल्ली किनाऱ्यावर २००५ पासून भरणारा आतषबाजी महोत्सव संपताच सारा जमाव ग्वांगआन आणि गुमन्योन्सान या दोन जवळच्या मेट्रो स्थानकांकडे वळतो, आणि तिथेच परतीचा खोळंबा होतो.

१. किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच प्रवासी कार्डात परतीपुरते पैसे भरून ठेवावेत.

२. बसण्यासाठी किनाऱ्याचा मधला भाग न निवडता सुयोंग स्थानकाच्या बाजूची जागा घ्यावी. ज्याच्या आसपास आतषबाजी होते तो समुद्रावरचा ग्वांगआन पूल तिथूनही दिसतो.

३. कार्यक्रम संपल्यावर ग्वांगआन स्थानक मागे टाकून सुयोंगपर्यंत चालत जावे. तिसरी मार्गिका याच स्थानकातून सुरू होत असल्याने तिची गाडी इथे रिकामी लागते, आणि तिने योन्सानला उतरून पहिली मार्गिका धरली की बुसान रेल्वे स्थानकाकडे जाता येते. थोडी जास्त पायपीट होते खरी, पण लहान मुले सोबत असतील तर जिन्यावरच्या रेटारेटीपेक्षा मला हीच वाट बरी वाटते.

मात्र गर्दी टाळण्यासाठी अरुंद किंवा उताराच्या गल्लीत शिरू नये. रुंद रस्त्यानेच, स्वयंसेवक दाखवतील त्या दिशेने चालावे.